टाकाऊ ठरलेली चित्रे

चित्रपटाची फीत सेकंदाला 24 चौकटींच्या वेगाने धावते. कार्टूनपटातील एकेक चित्र दोन चौकटींपुरते टिकवले, तरी मिनिटाला 720 चित्रे लागतात. ती काढायची कोणी, आणि काम झाल्यावर ठेवायची कोठे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर चित्रशाळांनी लवकर शोधले. दुसरा प्रश्न मात्र फार दिवस कोणाला पडलाच नाही.

अर्ल हर्ड या अमेरिकन चित्रकाराने 1914 मध्ये एका नव्या पद्धतीच्या पेटंटासाठी अर्ज केला. पात्रे पारदर्शक सेल्युलॉइडवर काढावीत व खाली एकच पार्श्वभूमी ठेवावी, अशी ही युक्ती. कलावंत कागदावर पेन्सिलीने हालचाल रेखाटी. ती 'सेल'वर शाईने गिरवून मागील बाजूने रंगविली जाई. कॅमेऱ्याने टिपली की तिचे काम संपे. पुष्कळदा सेल धुऊन पुन्हा वापरीत. स्नो व्हाइटच्या यशानंतर डिस्ने संस्थेने 1938 पासून सॅन फ्रान्सिस्कोच्या कूर्व्हाझिए दालनामार्फत काही सेल विकले खरे. पण 1955 मध्ये डिस्नेलँड उघडल्यावर तेच सेल तेथे जत्रेतल्या खेळण्यांसारखे अगदी स्वस्तात मिळू लागले.

दूरचित्रवाणीने या व्यवसायाची घडी बदलली. हॅना व बार्बेरा यांनी 1957 मध्ये स्वतःची संस्था काढली, तेव्हा पैसा थोडा आणि मुदत त्याहून थोडी होती. म्हणून धड तसेच ठेवून डोके तेवढे हलवायचे. योगी अस्वलाच्या गळ्यातील कॉलर आणि टाय ही काही केवळ ऐट नव्हे. डोके व धड यांचा सांधा त्याखाली झाकला जाई! संग्राहकाच्या हाती आज एखादा सेल येतो, त्यावर नुसते तोंड असते, नाहीतर एकच हात. अजाणास ते फसवणुकीसारखे वाटेल. मला तर असा अपुरा तुकडाच पुरा पुरावा वाटतो.

याच कारणाने माझे मत रंगीत सेलपेक्षा पेन्सिलीच्या कागदाकडे झुकते. खाली खुंट्यांची भोके, कोपऱ्यात क्रमांक, कडेला शिडीसारखी एक खूण. दोन मुख्य चित्रांमधली किती आणि कशी काढावयाची, हे ती खूण साहाय्यकास सांगते. हालचालीचा विचार तेथे उघडा दिसतो. सेलवर दिसतो तो गिरविणाऱ्यांचा हात. डिस्नेच्या शाई-रंग विभागात तो बहुधा स्त्रियांचा असे, आणि त्यांची नावे सहसा पडद्यावर येत नसत. त्यांचे कौशल्य कमी लेखावे असे मात्र मुळीच नाही.

1984 मध्ये न्यूयॉर्कला क्रिस्टीजने डिस्नेची चित्रे लिलावात मांडली. एका माजी कर्मचाऱ्याने ती कचऱ्यात जाण्यापूर्वी वेचून ठेवली होती. त्यानंतर दर चढत गेले. पुढे रंगकाम संगणकावर गेले: सिम्पसन्स या मालिकेने 2002 मध्ये सेल सोडले, जपानच्या साझाए-सानने 2013 मध्ये. नवे सेल येईनासे झाले. आहेत त्यांचे अॅसिटेट आंबट वास सोडीत वाकडे होते, रंगाचे पोपडे सुटतात.

लिलावात चित्रे बहुधा सुटी विकली जातात. चौदाव्या क्रमांकाचा कागद एका शहरातील भिंतीवर टांगला जातो. तेरावा आणि पंधरावा कोणाच्या घरी आहेत, हे त्याच्या धन्यास ठाऊक नसते.