गतवैभवाची आठवण आणि आजची जबाबदारी



पूर्वजांच्या पराक्रमाची आठवण ठेवणे हा काही दोष नव्हे. ज्या समाजाला आपला इतिहास ठाऊक नाही, तो समाज पोरका होतो. परंतु आठवण वेगळी आणि तिची नशा वेगळी. नशेत माणसाला समोरचा रस्ता दिसत नाही. वृत्तपत्रे आणि राजकीय चळवळी यांना जेव्हा अशी नशा चढते, तेव्हा तिची किंमत सामान्य माणसाला मोजावी लागते. इतिहासाचा एक शिक्षक या नात्याने याविषयी चार शब्द आपल्यापुढे ठेवीत आहे.

आपल्याच परिसरापासून सुरुवात करू. १७३७ साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून ठाणे घेतले आणि १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. हा विजय खरोखरच मोठा होता व त्याचा अभिमान योग्यच आहे. पण पुढची पाने आपण किती वेळा उलटतो? १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला. त्यानंतर ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि त्यांची फौज आपल्या खर्चाने पोसण्याचे मान्य केले. तो तह झाला त्याच वसईत! विजय आणि पारतंत्र्य यांत अवघी त्रेसष्ट वर्षे. १७३९ हे साल तेवढे पाठ करणारा विद्यार्थी अर्धाच इतिहास शिकतो, आणि जो अर्धा राहतो त्यातच खरा धडा असतो. किल्ला तोच होता. बदलले होते ते राज्यकर्त्यांतील ऐक्य, पैशाचा हिशेब आणि ज्ञान.

गतवैभवाचे स्मरण वृत्तपत्रांतून कसे चालते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १८९५ साली लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून रायगडावरील शिवछत्रपतींच्या समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधी उभारण्यास चालना दिली व त्यातून शिवजयंतीचा उत्सव उभा राहिला. परकीय सत्तेखाली दबलेल्या लोकांत त्यामुळे जागृती झाली, हे मान्यच केले पाहिजे. १८९७ च्या जूनमध्ये ‘केसरी’त अफझलखानाच्या वधाच्या चर्चेचा वृत्तांत छापून आला. काही दिवसांतच पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. सरकारने राजद्रोहाचा खटला भरला आणि टिळकांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. ती शिक्षा अन्यायाची होती, असेच आपण मानतो. परंतु जुन्या युद्धाविषयी लिहिलेला मजकूर वाचणारे लोक आजचे असतात व तो आजच्या अर्थाने वाचतात, ही गोष्ट त्या प्रकरणावरून ध्यानात येते.

विशेष हे की, स्वतः टिळकांनी हा धोका ओळखला होता. १९०६ साली ‘मराठा’ पत्रात त्यांनी स्पष्ट केले की हा उत्सव मुसलमानांविरुद्ध नाही, महाराजांचे मार्ग आज जसेच्या तसे गिरवावयाचे नाहीत आणि पुढचा राष्ट्रीय नेता कदाचित मुसलमानही असू शकेल. हा लेख किती जणांच्या वाचनात आला आहे? उत्सव उरला, पण त्यामागचा विवेक मागे पडला.

तो विवेक सुटला म्हणजे काय होते, हे आपल्या शेजारच्या भिवंडीने पाहिले आहे. ७ मे १९७० रोजी तेथे शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या दिवशी दंगल पेटली. तिचे लोण जळगावपर्यंत गेले आणि रायगडाच्या पायथ्याचे महाडही त्यातून सुटले नाही. न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने या तिन्ही ठिकाणांची चौकशी केली. १९८४ साली भिवंडी पुन्हा जळाली. मेले ते सतराव्या शतकातील सरदार नव्हते. आजच्या गल्लीतील माणसे होती. यंत्रमाग बंद पडले तेव्हा चुली दोन्हीकडच्या विझल्या.

ज्या महाराजांच्या नावाने शेजाऱ्याला शत्रू ठरविले जाते, त्यांच्या आरमारात दौलतखान होता आणि अंगरक्षकांत सिद्दी इब्राहिम. अफझलखानाचा वकील कृष्णाजी भास्कर हा ब्राह्मण होता. पुरंदरावर औरंगजेबाची फौज घेऊन आले ते मिर्झाराजे जयसिंग. पानिपतावर १७६१ साली मराठ्यांचा तोफखाना सांभाळला तो इब्राहिमखान गारद्याने. ही नावे बाजूला सारली की इतिहास सोपा होतो, पण खोटा होतो.

आता आरसा आपल्याकडेही वळवू या. ‘आमची एवढी शतके हुकूमत होती’ हे वाक्य आपल्या घरांतूनही ऐकू येते. दिल्लीच्या तख्तावर बादशहा होता तेव्हा कल्याणच्या खाडीवरचा गरीब मुसलमान कोळी किंवा विणकर काही बादशहा नव्हता! गेल्या शतकाच्या आरंभी ‘कॉम्रेड’ आणि ‘अल्-हिलाल’ या पत्रांनी तुर्कस्तानच्या खिलाफतीविषयी लोकांची मने हलवून सोडली. त्या चळवळीने हिंदू-मुसलमानांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणले, हे तिचे मोठे श्रेय. पण भावनेच्या भरात १९२० साली हजारो मुसलमान घरदार विकून अफगाणिस्तानकडे हिजरत करून निघाले. थोड्याच दिवसांत अफगाण सरकारने दार लावून घेतले. कित्येकजण कफल्लक होऊन परतले. आणि ज्या खिलाफतीसाठी हे सारे झाले, ती ३ मार्च १९२४ रोजी तुर्कांनीच रद्द केली. गतवैभवाच्या स्वप्नापायी ज्यांनी जमीन विकली, त्यांच्या मुलांना त्या स्वप्नाने शाळा दिली नाही.

आजही महानगरपालिकेची निवडणूक आली की मथळे येतात: ‘गड राखला’, ‘बालेकिल्ला ढासळला’, ‘मावळे सज्ज’. गड म्हणजे काय? एक प्रभाग! तेथे पाणी किती वेळ येते, नाला कधी साफ झाला, शाळेत शिक्षक पुरेसे आहेत काय, हे प्रश्न तलवारीच्या भाषेत विचारताच येत नाहीत. म्हणूनच ती भाषा पुढाऱ्यांना सोयीची वाटते व वृत्तपत्रांना खपाची.

विद्यार्थी मित्रहो, पराक्रमाचा लेख वाचाल किंवा भाषण ऐकाल तेव्हा स्वतःला विचारा: यात कोणते साल निवडले आहे आणि त्यापुढचे कोणते गाळले आहे? कोणाची नावे वगळली आहेत? आणि हे सांगून आज माझ्याकडून कोणाचा द्वेष करवून घ्यावयाचा आहे? पालकांनो, मुलांना पूर्वजांच्या गोष्टी जरूर सांगा, पण त्यातील हारही सांगा आणि तिचे कारणही सांगा.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यापर्यंत आगगाडी आली आणि पुढच्याच वर्षी ती कल्याणला पोहोचली. तिने या भागाचे रूप जेवढे पालटले, तेवढे कोणत्याही लढाईने पालटले नाही. आपल्या मुलांना त्या गाडीचे केवळ प्रवासी ठेवावयाचे की तिचे इंजिनियर करावयाचे, हे पूर्वजांच्या तलवारीवर नव्हे, तर आज संध्याकाळी घरात उघडल्या जाणाऱ्या पुस्तकावर अवलंबून आहे.