शाईचे भौतिकशास्त्र

चंद्रशेखर वेंकट रामन म्हटले की १९२८ मधील प्रकाश-विकिरणाचा शोध आठवतो. त्याआधीची त्यांची कित्येक वर्षे मात्र वाद्यांच्या संगतीत गेली. वडील चंद्रशेखर अय्यर गणित व भौतिकशास्त्र शिकवीत आणि व्हायोलिनही वाजवीत. पत्नी लोकसुंदरी वीणा वाजवीत. अर्थखात्यातील नोकरीच्या आधी व नंतरच्या वेळात रामन कोलकात्यातील ‘इंडियन असोसिएशन’च्या प्रयोगशाळेत तारांची कंपने तपासत. १९१७ मध्ये ते कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले, तरी हा नाद सुटला नाही. १९२० साली ‘नेचर’मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह त्यांनी जे टिपण लिहिले, ते भारतीय चर्मवाद्यांवर होते.

त्याला निव्वळ छंद म्हणणे अन्यायाचे ठरेल. सर्वत्र सारख्या जाडीच्या गोल, ताणलेल्या पडद्याचे उपस्वर मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे विस्कळीत येतात; म्हणून साधा ढोल घुमतो, पण त्याला निश्चित सूर नसतो. मृदंग व तबल्याच्या पुडीवरील शाई थरावर थर चढवून मध्यभाग जड करते आणि हेच उपस्वर जवळजवळ पूर्णांकी गुणोत्तरांत येऊन बसतात. हे साधणाऱ्या कारागिरांनी समीकरण मांडले नव्हते, कानाने पारखले होते. १९३४ च्या विस्तृत निबंधात रामन यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून स्थिर रेषांच्या आकृत्या मिळवल्या आणि नऊ कंपनप्रकार पाचच सुरांत सामावतात, हे दाखवून दिले. हवा तो प्रकार वेगळा काढण्यासाठी त्या रेषेवर बोटे हलकेच टेकवून अन्यत्र आघात करायचा, ही युक्ती तर मृदंगवादकाचीच होती.