कवडी एक, नावं तीन

आजचा प्रश्न: समुद्री गोगलगायींची ओळख पटवताना सबजीनस, म्हणजे जीनसच्या आतला पोटगट, वापरायचा का?

आपली कवडीच घ्या की. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यात दिसते ती कवडी म्हणजे समुद्री गोगलगायीचं कवच. पैसा म्हणून चाललेल्या कवडीला लिनियसनं १७५८ मध्ये नाव दिलं, 'सायप्रिया मोनेटा'. १८६३ मध्ये ट्रोशेलनं 'मोनेटारिया' हा गट मांडला. काहींनी तो सबजीनस धरून कंसात लिहिला: सायप्रिया (मोनेटारिया) मोनेटा. आज तो स्वतंत्र जीनस आहे: मोनेटारिया मोनेटा.

प्राणी तोच, लेबलं तीन! फाइल तीच, फोल्डर बदललं, लिंक तुटली. जुन्या संग्रहाच्या नोंदी आजच्या डेटाबेसशी जुळवताना हे लक्षात आलं नाही, तर एकाच जातीच्या तीन जाती मोजल्या जातात.

कंसाचा फायदा इथंच आहे. नातं कळतं आणि वापरातलं नावही टिकतं. कंस गाळला तरी नाव चुकत नाही.

पण ओळख पटवायला तेवढं पुरत नाही. पिवळसर, कडेला उंचवटे असतील तर मोनेटा. पाठीवर सोनेरी कडं असेल तर ॲन्युलस. दोघी मोनेटारियाच! सबजीनस गल्लीपर्यंत नेतो, घर आपणच शोधायचं.

म्हणून माझं मत: नातं सांगायला कंस जरूर वापरा, पण जुनी नोंद शोधताना शेवटचा शब्द आणि 'लिनियस, १७५८' एवढं धरा.

घरात कवडी असेल आणि ओवण्यासाठी तिची पाठ फोडलेली नसेल, तर बघून कळवा: उंचवटे की कडं?