बोळक्यातला रातकिडा

रातकिडा पाण्यावाचून मरतो आणि पाण्याची वाटी ठेवली की तिच्यात बुडून मरतो. तो पाळायचा म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी ही अडचण सोडवावी लागते. चिनी लोकांनी ती नखाएवढ्या बशीनं सोडवली: पांढऱ्या चिनी मातीची, निळ्या नक्षीची, थेंब-दोन थेंब पाणी मावेल एवढी. आमच्याकडे ती बाटलीच्या झाकणात ओल्या कापसाचा बोळा ठेवून सुटते.

आम्ही शिकागोजवळ राहतो. मुलानं बिअर्डेड ड्रॅगन पाळलाय. हा ऑस्ट्रेलियातला काटेरी गळ्याचा सरडा, आणि त्याला जिवंत रातकिडे लागतात. दुकानातून आणलेले रातकिडे डब्यात पटापट मरत, म्हणून मी त्यांच्याकडे नीट लक्ष द्यायला लागले. नुसता जिवंत ठेवूनही भागत नाही. रातकिड्याच्या अंगात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम अगदी थोडं असतं. उपाशी रातकिडे खाऊन वाढलेल्या सरड्याची हाडं मऊ पडतात, पाय वाकतात. म्हणून रातकिड्याला आदल्या दिवशी पालेभाजी, गाजर असं पोटभर खायला घालायचं आणि सरड्यापुढे सोडताना त्याच्यावर कॅल्शियमची पूड भुरभुरायची. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी हे पाहून नातवाला विचारलं, "अरे, ज्याला मारायचं त्याचे एवढे लाड?" तो म्हणाला, "आजी, तो जे खातो तेच शेवटी ह्याच्या पोटात जातं." मला त्याचं म्हणणं पटतं. पण आजीच्या प्रश्नालाही जुना इतिहास आहे, कारण रातकिड्याचे खरे लाड माणसानं केले ते त्याला कुणाच्या तोंडी द्यायचं नव्हतं तेव्हा.

त्या लाडांची उत्तम नोंद आमच्याच शहरात झाली. फील्ड म्युझियमचे बर्थोल्ड लाउफर चीनमध्ये हिंडून वस्तू जमवत. त्यांनी १९२७ साली चीनमधल्या गाणाऱ्या आणि झुंजणाऱ्या किड्यांवर एक पुस्तिका लिहिली. तांग काळात, तिआनबाओच्या वर्षांत (७४२–७५६), राजवाड्यातल्या स्त्रिया शरद ऋतूत रातकिडे पकडून सोन्याच्या छोट्या पिंजऱ्यांत उशाशी ठेवत आणि रात्री त्यांचं गाणं ऐकत. झुंजींचा नाद सोंग काळात वाढला. तेव्हाचा मंत्री जिया सिदाओ याच्या नावावर रातकिड्यांवरचा एक ग्रंथ आहे. मंगोल फौजांनी शिआंगयांगला वेढा घातलेला असताना हा गृहस्थ रातकिडे झुंजवत बसला होता, असं सांगतात. १२७३ मध्ये शहर पडलं, १२७९ मध्ये सोंग घराणं संपलं. राज्य बुडालं ते काही रातकिड्यांमुळे नव्हे, पण त्याच्या नावाला तो डाग कायमचा चिकटला.

पुढे मिंग सम्राट श्वान्दनं १४३४ मध्ये सूचौच्या अधिकाऱ्याकडून हजार रातकिडे मागवले. अशा मागणीचा भार शेवटी गरिबावरच पडे. पू सोंगलिंगची 'चूझी' ही कथा त्याच काळात घडते: सरकारजमा करायचा रातकिडा मुलाच्या हातून मरतो आणि सगळं घर उद्ध्वस्त व्हायची वेळ येते.

मला मात्र राजांपेक्षा पाळणाऱ्यांचं काम जवळचं वाटतं. उन्हाळ्यात रातकिडा जाड भिंतीच्या मातीच्या भांड्यात राही, म्हणजे आत गारवा टिके. तळाशी माती आणि चुना ठोकून बसवलेला असे. हिवाळ्यात त्याचं बिऱ्हाड वाळक्या भोपळ्यात हले. कोवळ्या भोपळ्याला वेलीवरच मातीचा साचा बसवत. तो आत फुगत जाई आणि साच्यातली नक्षी सालीवर उठे. पिकून वाळला की पोखरून रिकामा करायचा, त्यावर कोरीव जाळीचं झाकण: कधी नारळाच्या करवंटीचं, कधी चंदनाचं, हस्तिदंताचं. हा भोपळा अंगरख्याच्या आत छातीशी ठेवून माणसं थंडीत फिरत. त्यांच्या अंगाच्या उबेवर किडा जगे, गाई. उन्हाळ्यात काकडी आणि कोवळा पाला. हिवाळ्यात धनी स्वतः चेस्टनट आणि पिवळे सोयाबीन चावून मऊ करून घाली. औषधंही ठरलेली. अतिखाण्यानं आजारी पडला तर लाल किडे, थंडी बाधली तर डास, उष्णता झाली तर हिरव्या वाटाण्याचे कोंब.

ह्यातली औषधं किती लागू पडत ते सोडा. ऊब, कोरडेपणा, पाला, थेंबभर पाणी आणि एका भांड्यात एकच किडा, ही पाचही सूत्रं बरोबर आहेत. अमेरिकेनं पहिली चार उचलली, पाचवं टाकून दिलं.

इथे रातकिडा आला गळाला लावायला. दक्षिणेकडच्या राज्यांत ब्रीम मासे धरायला तो चांगला. जॉर्जियात आर्मस्ट्राँग यांचं फार्म १९४७ मध्ये निघालं, लुइझियानात फ्लूकर यांचं १९५३ मध्ये. घरगुती रातकिडा तिशीच्या आसपासच्या तापमानात झपाट्यानं वाढतो. मादी शेपटीकडची सुईसारखी नळी ओल्या मातीत खुपसून अंडी घालते, तांदळाच्या कणीसारखी पांढुरकी. दीड-दोन आठवड्यांत पिल्लं निघतात, दोन-तीन महिन्यांत आयुष्य संपतं. अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे उभे लावले की थोड्या जागेत हजारो मावतात. खायला कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य. पुढे घरोघरी पाळीव सरडे आणि बेडूक आले, तसे हेच रातकिडे डब्यांतून पोस्टानं त्यांच्याकडे जाऊ लागले.

दाटीची किंमत मग द्यावी लागली. ह्या जातीला मारणारा डेन्सोव्हायरस फ्रान्समध्ये १९७७ साली ओळखला गेला होता. २००२ मध्ये तो युरोपातल्या फार्मांत फैलावला, आणि २००९-१० मध्ये अमेरिकेत. मोठे होत आलेले रातकिडे पाठीवर पडून पाय झाडत मरत. काही फार्मांना सगळा साठा नष्ट करून, इमारती धुऊन पुन्हा सुरुवात करावी लागली. काही बंदच पडली. इतक्या वर्षांचं ज्ञान असून एवढा तडाखा बसला, कारण एका खोलीत लाखो सारखे जीव कोंबले होते. तो दोष किड्यांचा नव्हता.

ह्या विषाणूला न जुमानणारी एक जात फार्मवाल्यांनी हाताशी धरली. तिचं शास्त्रीय नाव ग्रिलोडेस सिगिलॅटस: फिकट पिवळसर, अंगावर काळे पट्टे, भारतातल्या घरांतही सापडणारी. आता आमच्या डब्यात तीच असते. ती चपळ आहे, झाकण उघडताच पळते, म्हणून डबा उंच घ्यावा लागला. झाकणाला बारीक जाळी लावलीय, कारण आत वाफ कोंडली की दोन दिवसांत वास येतो आणि किडे पटापट मरायला लागतात. जुना ट्रे धुवून मी परत वापरत नाही, फेकून देते. नव्या खेपेतले रातकिडे जुन्यांत मिसळत नाही. गाजराची चकती वाळली की बदलते, आणि कापसाचा बोळा रोज सकाळी ओला करते.