फुलांसाठी आणलेली जलपर्णी



कोल्हापूर-इचलकरंजीकडच्या आपल्या बायकांना पंचगंगेतली जलपर्णी काही नवी नाही. उन्हाळ्यात पाणी कमी झालं की नदीवर हिरवा गालिचा पसरतो. पण ही वनस्पती इथली नव्हे. तिचं माहेर दक्षिण अमेरिकेतलं, ॲमेझॉन नदीच्या खोऱ्यातलं. तिथे तिला खाणारे भुंगे आहेत, म्हणून ती आवाक्यात राहते.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्या फिकट जांभळ्या फुलांना भुलून लोकांनी तिला बंगालमध्ये आणलं. भुंगे मात्र सोबत आले नाहीत. पंधरवड्यात दुप्पट होणारी ही जलपर्णी तळ्यांतून कालव्यांत गेली आणि पुराबरोबर भातशेतीत शिरली. होड्या अडल्या, पीक गेलं, मासे गुदमरले.

१९२१ साली सरकारने शास्त्रज्ञ जगदीशचंद्र बोस यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. १९३६ मध्ये तर जलपर्णीविरुद्ध कायदाच झाला. १९३७ च्या निवडणुकीत पक्ष ती हटवण्याचं वचन देत होते. विचार करा, एका शोभेच्या फुलावर निवडणूक!

तरीही ती गेली नाही. एखादा तुकडा राहिला तरी त्यातून पुन्हा रोपं फुटतात आणि तिचं बी चिखलात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. १९८० च्या दशकात तिच्या माहेरचे भुंगे भारतात आणून सोडले, काही तलावांत त्यांचा उपयोगही झाला. पण नदीत येणारं सांडपाणी आणि आपल्या मोरीतलं साबणाचं पाणी तिला खतासारखं मिळतच राहतं.

वनस्पतीतही जीव आहे हे आपण लहानपणापासून ऐकतो. मग ती उपटणं पाप नाही का, असा प्रश्न मनात येतोच. पण तिच्याखाली गुदमरणारे मासे आणि बारीकसारीक जीव, त्यांचं काय? एकदा पसरल्यावर काहीही केलं तरी हिंसा टळत नाही. म्हणून यतना पाळायची ती आधीच. गच्चीतल्या कुंडात जलपर्णी ठेवायचीच नाही. नर्सरीतून पाण्यातलं कुठलंही रोप घेताना ते कुठलं आहे, किती पसरतं, हे विचारायचं. आणि कुंडातलं काहीही ओढ्यात सोडायचं नाही. बंगालमध्येही सुरुवात अशाच हौसेने झाली होती.