किती वाट पाहायची?

मानोरा हे वाशीम जिल्ह्यातले तालुक्याचे गाव. पोहरादेवीचे तीर्थक्षेत्र याच तालुक्यात आहे आणि आसपास बंजारा समाजाचे अनेक तांडे आहेत. या भागात कुणी बाळंत झाल्याची बातमी आली की पूर्वी एकच प्रश्न विचारला जाई, ‘काय झालं?’ म्हणजे मुलगा की मुलगी. आता त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, ‘नॉर्मल की सिझर?’

या दुसऱ्या प्रश्नामागे एक साधी इच्छा असते. बाळंतपण दवाखान्यात व्हावे, म्हणजे जिवाला धोका नको. पण पोट चिरावे लागू नये. ही इच्छा मागासलेपणाची नाही आणि हट्टाचीही नाही. मात्र ती पुरी होणे अलीकडे अवघड का झाले, हे समजून घ्यायचे तर या शस्त्रक्रियेचा इतिहास पाहावा लागतो. तो एका प्रश्नाभोवती फिरतो: कळा सुरू झाल्यावर किती वाट पाहायची?

प्राचीन काळी हा प्रश्नच नव्हता. आई दगावली असेल आणि तिच्या पोटात हालचाल दिसत असेल तर मूल ताबडतोब कापून काढावे, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. रोममध्येही तसाच दंडक होता. ज्युलियस सीझर पोट चिरून जन्मला आणि म्हणून शस्त्रक्रियेला त्याचे नाव पडले, ही समजूत मात्र टिकत नाही. त्याची आई ऑरेलिया त्याच्या जन्मानंतर अनेक वर्षे हयात होती, आणि त्या काळी पोट चिरल्यावर आई वाचणे जवळजवळ अशक्य होते. नावाचा उगम बहुधा ‘कापणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे.

आईला वाचवण्यासाठीची शस्त्रक्रिया हे एकोणिसाव्या शतकाचे देणे. १८४७ मध्ये एडिंबरोच्या जेम्स सिम्प्सन यांनी बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरले. १८६७ मध्ये लिस्टर यांनी जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. तरीही बाया दगावत, कारण गर्भाशयाच्या जखमेला टाके घालण्याची पद्धत रूढ नव्हती. इटलीतील एदुआर्दो पोर्रो यांनी १८७६ मध्ये रक्तस्राव थांबवण्यासाठी बाळ काढल्यावर गर्भाशयच काढून टाकले. आई वाचली, पण तिला पुन्हा मूल होणे शक्य राहिले नाही. १८८२ मध्ये जर्मनीतील माक्स सेंगर यांनी गर्भाशय नीट शिवण्याची रीत दिली आणि खरा मार्ग सापडला. पुढे १९२० च्या दशकात ग्लासगोचे मन्रो कर यांनी गर्भाशयाच्या खालच्या भागात आडवा छेद घेण्याचा पुरस्कार केला. त्यातून रक्त कमी जाते आणि व्रण अधिक मजबूत होतो. आजही बहुतेक वेळा हाच छेद घेतला जातो. नंतर रक्तपेढ्या आणि प्रतिजैविके आली आणि शस्त्रक्रिया पुरेशी सुरक्षित झाली.

आपल्याकडे त्या काळी चित्र काय होते? आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी आई झाल्या आणि त्यांचे बाळ दहाव्या दिवशी गेले. पुढे त्या फिलाडेल्फियाला गेल्या आणि १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता प्राचीन आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्याच वर्षी मुंबईत स्त्रियांसाठी कामा रुग्णालय सुरू झाले. तेव्हाची तळमळ एवढीच होती की अडलेल्या बाईजवळ वेळेवर कुणीतरी जाणते माणूस पोचावे.

दूरच्या खेड्यांत ही तळमळ पुढे शंभर वर्षांनंतरही शिल्लक होती. १९९२-९३ च्या पहिल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली सुमारे २६ टक्केच बाळंतपणे दवाखान्यात होत होती आणि सिझेरियनचे प्रमाण ३ टक्क्यांच्या आत होते. हा आकडा समाधानाचा नव्हता. ज्या बायांना शस्त्रक्रियेची खरोखर गरज होती, त्यांतल्या कित्येकींना ती मिळत नव्हती, हा त्याचा अर्थ होता.

म्हणून सिझेरियनचे गणित दोन्ही बाजूंनी चुकू शकते. १९८५ मध्ये ब्राझीलमधील फोर्तालेझा येथे जागतिक आरोग्य संघटनेच्या बैठकीत असे ठरले की कोणत्याही प्रदेशात हे प्रमाण १० ते १५ टक्क्यांहून अधिक असण्याचे समर्थन करता येत नाही. २०१५ मध्ये संघटनेने भूमिका अधिक नेमकी केली: प्रमाण १० टक्क्यांपर्यंत वाढते तेव्हा माता व नवजात मृत्यू कमी होतात, त्यापुढे वाढले तर तसे घटताना दिसत नाहीत. हे विधान लोकसंख्येबद्दल आहे, एकेका बाईबद्दल नाही. एखाद्या बाईला शस्त्रक्रिया हवीच असेल तर तिच्यासाठी टक्केवारी पाहायची नसते.

मग प्रमाण वाढले कसे? त्यात घड्याळाचा वाटा मोठा आहे. १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या इमॅन्युएल फ्रीडमन यांनी ५०० पहिलटकरणींच्या नोंदी घेऊन गर्भाशयाचे मुख किती वेळात किती सेंटिमीटर उघडते, याचा आलेख काढला. १९७२ मध्ये फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी आजच्या हरारे शहरात या आलेखाला उपयोगाचे रूप दिले. त्यांच्यापुढची अडचण मानोऱ्यासारख्याच गावाची होती. लांबच्या केंद्रावर एकटी सुईण असे. बाईला मोठ्या रुग्णालयात केव्हा पाठवायचे, हे तिला कसे कळावे? त्यांनी आलेखावर ताशी एक सेंटिमीटर वेगाची सावधानतेची रेषा आखली आणि तिच्यापुढे चार तासांवर कृतीची रेषा. मधले चार तास प्रवासासाठी होते. ही पद्धत उपयोगी ठरली. आग्नेय आशियातील ३५,४८४ स्त्रियांच्या पाहणीत (१९९४) हा आलेख वापरल्यावर लांबलेली बाळंतपणे आणि तातडीची सिझेरियन कमी झाली.

पण ताशी एक सेंटिमीटर हा सरासरी वेग नव्हता. सर्वांत संथ दहा टक्के पहिलटकरणींच्या वेगावरून तो ठरवला होता. शिक्षकांना हे लगेच लक्षात येईल. वर्गातल्या सर्वांत सावकाश लिहिणाऱ्या मुलांच्या वेगावर रेषा आखली तर तिच्या मागे काही मुले राहणारच; त्यांना नापास करायचे नसते, त्यांच्याकडे थोडे अधिक लक्ष द्यायचे असते. पुढे अनेक ठिकाणी सावधानतेची रेषा हीच मुदत मानली गेली. २०१० मध्ये अमेरिकेतील ६२,४१५ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की मुख सहा सेंटिमीटर उघडेपर्यंत प्रगती बरीच संथ असू शकते आणि तरीही बाळंतपण सुखरूप होते. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले की आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ वेग कमी आहे म्हणून हस्तक्षेप करू नये.

यंत्रांचीही कथा अशीच आहे. बाळाच्या हृदयाचे ठोके सतत कागदावर उमटवणारी यंत्रे १९६० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली. १९८५ मध्ये डब्लिन येथे सुमारे तेरा हजार स्त्रियांवर चाचणी झाली. यंत्राच्या देखरेखीखाली नवजात बालकांना येणारे झटके कमी झाले, पण मृत्यूंत फरक पडला नाही. अशा चाचण्या एकत्र पाहिल्या तर यंत्रामुळे सिझेरियन मात्र वाढतात. कागदावरची शंका दिसली की थांबण्याचे धैर्य होत नाही.

तिसरे कारण व्यवस्थेचे. कळा बारा-पंधरा तास चालू शकतात. शस्त्रक्रिया तासाभरात आटोपते. तालुक्याच्या गावी डॉक्टर एकटा, भूलतज्ज्ञ दुसऱ्या गावाहून येणारा. संध्याकाळी पाचला तो मिळतो, रात्री दोनला मिळेलच असे नाही. अशा वेळी ‘आत्ताच करून टाकू’ हा निर्णय होतो. त्यात नातेवाइकांची घाई, काही वेळा मुहूर्त, डॉक्टरला असलेली तक्रारीची आणि मारहाणीची भीती, आणि पैसा हेही असतात. पुण्याच्या ‘साथी’ संस्थेशी संबंधित डॉ. अरुण गद्रे आणि डॉ. अभय शुक्ला यांनी ७८ डॉक्टरांशी बोलून २०१६ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले. खासगी क्षेत्रातील अनावश्यक तपासण्या आणि शस्त्रक्रियांविषयी त्यात डॉक्टरच बोलले आहेत.

आकडे बोलके आहेत. २०१९-२१ च्या पाहणीत देशातले प्रमाण २१.५ टक्के होते, महाराष्ट्रातले २५.४ टक्के. पण देशाच्या सरासरीत दोन जगे दडली आहेत: सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के, खासगीत ४७.४ टक्के. वर्गात हे गणित जरूर करून पाहावे. शंभर बाळंतपणांपैकी सुमारे ६२ सरकारी दवाखान्यांत, २७ खासगीत आणि ११ घरी झाली असे धरले, तर सरकारीत ९ आणि खासगीत १३ सिझेरियन येतात. म्हणजे जेमतेम पाव बाळंतपणे हाताळणाऱ्या क्षेत्रात निम्म्याहून अधिक शस्त्रक्रिया. हा सगळा फरक गरजेचा असणे कठीण, कारण अवघड प्रकृतीच्या कित्येक बाया शेवटी मोठ्या सरकारी रुग्णालयांतच पाठवल्या जातात. उलट, काही सरकारी केंद्रांत प्रमाण कमी दिसते ते तज्ज्ञच नसल्यामुळे, हेही विसरता येत नाही.

आता मानोऱ्याकडे परत येऊ. १९१६ मध्ये न्यूयॉर्कचे डॉ. एडविन क्रेगिन यांनी बजावले होते की एकदा सिझेरियन केले की पुढेही तेच करावे लागते, म्हणून पहिलेच टाळता येईल तितके टाळा. लोकांनी पूर्वार्ध लक्षात ठेवला आणि सल्ला विसरले. खालच्या छेदानंतर आज हा नियम अटळ नाही. योग्य निवड केली तर प्रयत्न करणाऱ्या साधारण ६० ते ८० टक्के बायांचे पुढचे बाळंतपण नैसर्गिक होते. परंतु दर दोनशेत सुमारे एकीचा जुना व्रण उसवू शकतो. म्हणून असा प्रयत्न शस्त्रक्रियेची सोय हाताशी असलेल्या ठिकाणीच करायचा असतो. शिवाय प्रत्येक सिझेरियनबरोबर पुढच्या खेपेस वार व्रणात रुतून बसण्याचा धोका वाढतो.

मुंबईत हे सांभाळता येते. तांड्यावरच्या बाईचे काय? तिच्या गर्भाशयावर एक व्रण पडला की पुढचे प्रत्येक बाळंतपण जवळच्या केंद्रातून उठून वाशीम, यवतमाळ किंवा अकोल्याकडे सरकते. मजुरीसाठी घर सोडून गेलेल्या कुटुंबात तर जुने कागदही जवळ असतील असे नाही. अनावश्यक पहिल्या सिझेरियनची किंमत जिथे दवाखाना दूर, तिथे सर्वांत जास्त आहे.

उपाय घरी बाळंत होणे हा नाही. जुन्या दाईजवळ रक्त नव्हते आणि भूलही नव्हती. तिच्या हातून किती जीव गेले याची मोजदाद नाही. पण तिच्याजवळ एक गोष्ट होती: ती रात्रभर शेजारी बसून राही. या बसण्याचेही मोजमाप झाले आहे. २०१७ च्या एका आढाव्यात २६ चाचण्यांमधील पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. कळांच्या वेळी सतत सोबत असेल तर नैसर्गिक बाळंतपणे वाढतात आणि सिझेरियन कमी होतात, असे त्यात दिसले. भारत सरकारने २०१६ मध्ये सरकारी दवाखान्यांत प्रसूतीच्या वेळी सोबतीण ठेवायला मान्यता दिली आणि २०१८ मध्ये प्रशिक्षित सुईणींच्या सेवेसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. २०११ पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियनसह, मोफत आहे.

दहावी-बारावीच्या मुली आणि मुलेही थोड्याच वर्षांत या प्रश्नापुढे उभी राहणार आहेत. त्यांना इतके तरी ठाऊक असावे की दवाखान्यात नाव घालताना काही गोष्टी विचारता येतात: इथे सोबत कुणाला राहू देतात का? कळा येत असताना हिंडू-फिरू देतात का? पहिलटकरणींपैकी किती जणींचे सिझर होते? आणि शस्त्रक्रिया सुचवली तर, बाळ किंवा आई संकटात आहे, की अजून वाट पाहता येईल? संकट असेल तर क्षणभरही थांबू नये. नसेल, तर थांबण्याला आता विज्ञानाचा आधार आहे.