चंद्रकला आणि लग्नतिथी : लाखांदूर परिसर

सोयरिकीची बोलणी, साक्षगंध (साखरपुडा) आणि लग्न यांचे दिवस चंद्राच्या कलांवरून धरण्याची रीत. ही नोंद भंडारा जिल्ह्यातील लाखांदूर तालुका आणि त्याला लागून असलेला झाडीपट्टीचा मुलूख यांपुरती आहे. रीत सगळ्या महाराष्ट्राची असली, तरी इथे तिला धानाच्या शेतीने, नदीपलीकडच्या नात्यांनी आणि दिवाळीनंतरच्या मंडयांनी, म्हणजे गावजत्रांनी, वेगळे वळण दिले आहे. बोलण्यात अमावास्येला ‘अवस’ आणि पौर्णिमेला ‘पुनव’ म्हणतात. लग्न हे ‘लगन’, आणि व्याही तो ‘इवाई’.

लाखांदूर जिल्ह्याच्या दक्षिण बाजूला आहे. चुलबंद नदी गोंदिया जिल्ह्यात उगम पावून साकोलीकडून या तालुक्यात येते आणि वैनगंगेला मिळते. वैनगंगा ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातले ब्रह्मपुरी, अलीकडच्याच काठाने खाली गडचिरोली जिल्ह्यातले वडसा, पूर्वेकडे गोंदिया जिल्ह्यातले अर्जुनी मोरगाव. एका घराच्या लेकी-सुना अशा चार जिल्ह्यांत पसरलेल्या असतात. इतक्या गावांतल्या माणसांनी एका दिवशी एका मांडवात यायचे, तर सगळ्यांना सारखा कळेल असा दिवस हवा. छापील दिनदर्शिका घराघरांत पोचण्याआधी असा दिवस आकाशात पाहूनच कळत असे. ‘पुनवेच्या चार दिवस आधी’ असा निरोप नदीपलीकडे जाताना त्यात चूक होण्याची भीती कमी. चंद्राचे लग्नाशी असलेले नाते सांगताना मी पहिले स्थान या सोयीला देतो, शुभाशुभाला नंतरचे.

पंचांगातली तिथी म्हणजे चंद्र आणि सूर्य यांच्यात पडणाऱ्या १२ अंशांच्या अंतराचा एक टप्पा. अवसेला दोघे एका रेषेत येतात, पुनवेला समोरासमोर. अशा ३० तिथींचा एक चांद्रमास सुमारे साडेएकोणतीस दिवसांत पुरा होतो. चंद्राचा वेग सारखा नसल्यामुळे एखादी तिथी २० तासांच्या आसपास संपते, तर एखादी २६ तासांपर्यंत लांबते. म्हणून तिथीचा क्षय होतो किंवा ती दोन सूर्योदय पाहते. पंचांगकर्ते १ ते १५ या तिथींचे नंदा, भद्रा, जया, रिक्ता आणि पूर्णा असे पाच गट करतात. चतुर्थी, नवमी आणि चतुर्दशी या रिक्ता तिथी. मंगलकार्याला त्या टाळतात, अवस तर टाळतातच. काशीच्या राम दैवज्ञाने १६०० साली रचलेला ‘मुहूर्तचिंतामणी’ हा या शास्त्राचा सर्वांत चालता ग्रंथ. महाराष्ट्रातली पंचांगे मात्र शतकानुशतके कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ (१५२०) या ग्रंथावरून गणली जात. १९७३ साली जयंतराव साळगांवकरांनी ‘कालनिर्णय’ सुरू केले आणि तिथी भिंतीवर आली. तोवर लग्नाचा दिवस जोशीबुवांच्या घरी जाऊनच काढावा लागे.

वाढत्या चंद्राचा मान मोठा. साडेतीन मुहूर्त म्हणून जे चार दिवस सांगतात, म्हणजे गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया, विजयादशमी आणि बलिप्रतिपदा, ते चारही शुक्ल पक्षात पडतात. त्यांत एकही पुनव नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मान पूर्ण बिंबाला दिलेला नसून वाढीला दिलेला आहे.

या परिसरात सोयरिकीचा खरा आरंभ कार्तिकात होतो. आश्विनी अवसेला लक्ष्मीपूजन, आणि भाऊबीजेपासून गावोगाव मंडई भरू लागते. शेजारच्या गावांची मंडई एकाच दिवशी येऊ नये, म्हणून प्रत्येक गाव आपला दिवस वेगळा धरते. मंडईला लेकी-जावई येतात, मामे-मावस नाती गोळा होतात. दिवसा बाजार आणि दंडार हा लोकनाट्याचा खेळ, रात्रभर नाटक. वडसा हे या झाडीपट्टी रंगभूमीचे केंद्र, आणि तिथल्या मंडळ्या दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत गावांत प्रयोग करत फिरतात. हलके धान तोवर कापून झालेले असते, भारी धान कापणीला आलेले असते, घरात पैसा येण्याची आशा असते. पाहुण्यांनी एकमेकांच्या घरची उपवर पोरे-पोरी पाहावीत, चहापाण्यात शब्द टाकावा, याला यापेक्षा चांगली वेळ वर्षात दुसरी नाही. पोरा-पोरींच्याही नजरा याच गर्दीत जुळतात, हे जुनी माणसे बोलून दाखवत नसली तरी त्यांना ठाऊक असते. ज्याला आज शहरात ‘डेटिंग’ म्हणतात त्याची इथली जुनी रीत ही अशी आहे : भरल्या गावात, सगळ्यांदेखत आणि तरीही आपापले.

याच पंधरवड्यात कार्तिकी एकादशीला चातुर्मास संपतो. दुसऱ्या दिवसापासून पुनवेपर्यंत तुळशीची लग्ने लागतात. अंगणातल्या तुळशीचे लगन लागल्याशिवाय माणसांचे लावायचे नाही, हा दंडक इथे अजून बऱ्यापैकी पाळला जातो. अवसेच्या दिव्यांपासून त्रिपुरी पुनवेपर्यंतचे हे पंधरा दिवस एकमेकांना इतके जोडून येतात की मंडईतली बोलणी, तुळशीचे लगन आणि लग्नसराई ही एकाच चंद्राच्या वाढीची तीन पावले वाटतात. मार्गशीर्षात किंवा माघात साक्षगंध उरकते आणि लगन बहुतेक फाल्गुन ते ज्येष्ठ या काळात धरले जाते. थोरल्या मुलाचे किंवा मुलीचे लग्न ज्येष्ठात नको, असे मानणारी घरेही आहेत.

चांदण्याचा उपयोग वेगळा सांगितला पाहिजे. गावात वीज नव्हती तेव्हा वरात बैलबंडीने जाई आणि दुपारचे ऊन टाळून संध्याकाळनंतरचा रस्ता धरला जाई. शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, दशमीचा त्याच्या नंतर दीड-दोन तासांनी, पुनवेचा रात्रभर असतो. गोरज मुहूर्तावर लगन लावले, पंगती उठल्या, की परतीच्या वाटेवर दशमी-एकादशीचा चंद्र डोक्यावर असे. वद्य चतुर्थीला चंद्र संध्याकाळ सरल्यावर बऱ्याच उशिरा उगवतो, तोवर बांधाबांधाने जाणारी वाट काळोखात. एवढ्यावरून सारे मुहूर्त चांदण्यासाठीच काढले गेले असे म्हणता येणार नाही. अक्षय्य तृतीयेची कोर सूर्यास्तानंतर दोन-अडीच तासांत मावळते, तरी त्या दिवशी लग्नांची गर्दी असते. वद्य पक्षातल्या तिथीही पंचांगात मुहूर्त म्हणून छापल्या जातात.

उलट टोकाचा दिवस महाशिवरात्रीचा. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या प्रतापगडावर त्या दिवशी मोठी यात्रा भरते. तिथे महादेवाचे स्थान आहे आणि ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गाही, दोन्हीकडे माणसे जातात, आणि लाखांदूरकडचीही मोठ्या संख्येने असतात. लोकसमजुतीप्रमाणे ही शिव-पार्वतीच्या लग्नाची रात्र. तिथी मात्र माघ वद्य चतुर्दशी : रिक्ता, घटत्या चंद्राची, अवसेच्या आदल्या दिवसाची. जी तिथी देवाच्या लग्नाची, ती माणसाच्या लग्नाला वर्ज्य. या गोष्टीचे लोकांना नवल वाटत नाही. महादेव स्मशानात राहणारा, त्याचे नियम त्याचे, असे ते मानतात.

कलेपेक्षाही पंचांग अधिक वजन देते ते चंद्राच्या जागेला. माणसाची रास म्हणजे त्याच्या जन्मवेळी चंद्र ज्या राशीत होता ती. पत्रिका जुळवताना पाहतात ते ३६ गुण, म्हणजे वर्ण १, वश्य २, तारा ३, योनी ४, ग्रहमैत्री ५, गण ६, भकूट ७ आणि नाडी ८. हे आठही दोघांच्या चंद्रावरूनच काढतात. १८ गुण जुळले की बोलणी पुढे सरकतात. लग्नासाठी चंद्र रोहिणी, मृग, मघा, उत्तरा फाल्गुनी, हस्त, स्वाती, अनुराधा, मूळ, उत्तराषाढा, उत्तरा भाद्रपदा किंवा रेवती या ११ नक्षत्रांपैकी एकात असावा असे शास्त्र सांगते. त्या दिवशी वधू-वरांच्या राशीपासून चंद्र चौथा, आठवा किंवा बारावा नसावा, याला चंद्रबळ म्हणतात. पहिल्या भेटीत मने जुळलेली पोरगा-पोरगी नाडी एक आली म्हणून वेगळी होतात, तेव्हा या गणिताची किंमत दोन जीव मोजतात. गुण मोजावेत ते दोघांशी बोलून झाल्यावर, त्यांच्या होकाराच्या जागी नव्हे.

अलीकडे तरुणांच्या मोबाइलवर दुसरेच चांद्रशास्त्र येते : अवसेला नवे नाते सुरू करा, वाढत्या चंद्रात भेटी वाढवा, पुनवेला मनातले बोला, घटत्या चंद्रात नको असलेले सोडा. त्यातला अवसेचा भाग इथल्या समजुतीच्या नेमका उलट आहे, कारण आपल्याकडे नवी सुरुवात प्रतिपदेपासून होते. तमिळनाडूत मात्र अवस अनेक कामांना चांगली मानतात. ग्रीक कवी हेसिओडने चंद्रमासाच्या चौथ्या दिवशी वधूला घरी आणावे असे सांगितले आहे, आणि आपली चतुर्थी तर रिक्ता. चंद्र एकच असताना जागोजागी अर्थ बदलतात, तेव्हा तो अर्थ चंद्राने दिलेला नाही, माणसांनी दिलेला आहे. चंद्राच्या कलेने प्रेम टिकते किंवा तुटते असे दाखवणारा पुरावा विज्ञानाकडे नाही. चांदण्याचा परिणाम मात्र मोजला गेला आहे. अर्जेंटिनातल्या तोबा-कोम आदिवासींच्या वस्त्यांचा अभ्यास २०२१ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात आला. पुनवेच्या आधीच्या रात्रींत माणसे उशिरा झोपतात आणि कमी झोपतात, असे त्यात आढळले. संध्याकाळी उजेड असला की माणसे जागी राहतात, एकत्र बसतात, बोलतात. कोजागिरीचे दूध आटवताना अंगणात बसलेल्या कोणालाही हे पटेल.

तिथी न पाहता लग्न लावण्याची परंपराही या भागात मजबूत आहे. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने २५ डिसेंबर १८७३ रोजी भटजीशिवाय पहिले लग्न लावले. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर इथल्या बौद्ध घरांत बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर लगन लागते, मुहूर्ताचा प्रश्न येत नाही, आणि सोयीचा म्हणून बऱ्याचदा रविवार धरतात. पुनवेचा मान त्यांच्याकडेही आहे, पण तो वैशाखी बुद्धपौर्णिमेचा आणि वंदनेचा. हिंदू विवाह कायदा (१९५५) सप्तपदी ओळखतो, तिथी ओळखत नाही. विशेष विवाह कायद्याने (१९५४) नोंदणी करायची तर ३० दिवसांची नोटीस लागते. मुलगी १८ आणि मुलगा २१ वर्षांचा झालेला नसेल तर कोणताही मुहूर्त कामाचा नाही. अक्षय्य तृतीयेच्या आधी राज्यभर प्रशासन बालविवाहांवर नजर ठेवते ते याचसाठी.

चांद्रवर्ष ३५४ दिवसांचे. सौर वर्षाशी मेळ घालायला साधारण ३३ महिन्यांनी अधिक मास येतो आणि त्यात लग्ने होत नाहीत. २०२३ चा अधिक श्रावण पावसाळ्यातच गेला, त्याची झळ लग्नसराईला लागली नाही. अधिक ज्येष्ठ आला की लागते. तो २००७ आणि २०१८ मध्ये आला होता. २०२६ मध्ये १७ मे ते १५ जून हा काळ त्याचा, म्हणजे शाळांना सुट्ट्या, नातेवाईक मोकळे, आणि नेमके तेच दिवस मुहूर्ताविना. निज ज्येष्ठ त्यानंतर सुरू होतो आणि २५ जुलैच्या आषाढी एकादशीपर्यंत पंचांगात तारखा निघतात. पण तोवर मृग लागलेले असते, बांध्यांत धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, टाकायचे असतात आणि मग त्यांची रोवणी येते. त्या दिवसांत इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या गावात इवायाला लगनाची तारीख विचारली, तर तो पंचांग काढण्याआधी आभाळाकडे पाहतो.